गोठ्यावरचं घड्याळ

आमच्या घरात चार घड्याळं होती आणि त्यांचं आपसात कधीच पटलं नाही. सोप्यातलं लंबकाचं घड्याळ आबांना लग्नात आहेर म्हणून आलेलं, आणि ते आहेरासारखंच वागायचं: दिसायला भारी, उपयोगाला शून्य. स्वयंपाकघरातलं आईनं मुद्दाम दहा मिनिटं पुढं लावलेलं, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. ही युक्ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं सगळेच मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचे आणि मग निवांतपणे उशीर करायचे. आबांच्या मनगटावरचं किल्लीचं घड्याळ किल्ली द्यायची आठवण राहील तेवढे दिवस चालायचं. दादाच्या घड्याळाला चार बटणं होती. त्यांतलं एक दाबलं की दिवा लागायचा. बाकीची तीन कशाची हे दादालाही ठाऊक नव्हतं. खरी वेळ घरात ठाऊक होती ती म्हशींना. पहाटेची धार पाच मिनिटं लांबली की चौघी मिळून असा आवाज लावायच्या की उसाच्या फडापलीकडची वस्तीही उठून बसायची.

शहर संपतं आणि ऊस सुरू होतो अशा जागी आमचं घर होतं. पुढं सोपा, मागं गोठा, गोठ्याला लागून वैरणीची खोली. सकाळी आबा म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जायचे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे आणि परत येऊन भाकरी, खर्डा आणि ताकाचा तांब्या घेऊन बसायचे. आईच्या हातचा खर्डा इतका तिखट असायचा की जेवताना आमच्या घरात कुणी भांडत नसे; प्रत्येकाचं तोंड आपापल्या आगीत गुंतलेलं असायचं. भांडणं जेवण झाल्यावर. विषय ठरलेला: दादानं म्हशी सांभाळायच्या की स्कूटर पळवायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ संजय, जुन्या स्कूटरचं सायलेन्सर काढून, पत्रे उतरवून, नुसता सांगाडा माळावर पळवायचा. कोल्हापुरात तेव्हा मातीतल्या गाड्यांच्या शर्यतींचं वेड होतं. पूर्वी ज्या घरात एक तरी पैलवान असायचा, त्या घरात आता एक तरी हात मोडलेला स्कूटरवाला असायचा.

मी इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. त्यामागं आबांचा सरळ हिशोब होता, पोरगी घरचा टीव्ही दुरुस्त करेल. मी मात्र एका इंटरनेट कॅफेत बसून जगभरच्या अशा माणसांचा पत्रव्यवहार वाचायला लागले होते, ज्यांना आयुष्यात एकच चिंता होती: आपलं घड्याळ नेमकं किती चुकतं. ही माणसं आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ घ्यायची, तळघरातल्या घड्याळाशी ती ताडून बघायची आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागावरून एकमेकांचा पाणउतारा करायची. त्यांच्या बायका बहुधा माहेरी निघून गेल्या असाव्यात, कारण घरच्या कुणाचा उल्लेख त्या पत्रांत कधी यायचा नाही. मला ते सगळं फार आवडलं. सोयऱ्याच्या लग्नात सकाळचा मुहूर्त दुपारी गाठणाऱ्या घराण्यातली मुलगी आणखी कशाच्या प्रेमात पडणार?

त्याच सुमारास पेजरचा धंदा बसला. मोबाइल आले आणि पेजरवाल्यांच्या मनोऱ्यांवरची यंत्रं भंगारात आली. आमच्या भंगारवाल्याकडं तांब्याच्या तारा आणि कुकरची झाकणं यांच्या शेजारी एक उपग्रह-रिसीव्हर पडला होता, आणि त्याच्यासोबत आळंबीच्या आकाराचा पांढरा अँटेना. भंगारवाल्याला तो दिव्याचा डोम वाटत होता. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. पुढच्या खेपेला त्याच्याकडंच फ्रिक्वेन्सी काउंटर मिळाला, म्हणजे विजेची स्पंदनं मोजणारं यंत्र. त्याच्या पोटात एक क्वार्ट्झचा स्फटिक होता आणि तो चोवीस तास एका लहानशा भट्टीत ऊबदार बसलेला असायचा. इतके लाड आमच्या घरात फक्त नव्या रेडकाचे व्हायचे.

अँटेनाला मोकळं आभाळ लागतं आणि खाली पत्रा असेल तर आणखी बरं. दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या त्या गोठ्याच्या छपरावर. तिथं अँटेना बसवला, वायर वैरणीच्या खोलीत आणली, आणि एका दुपारी रिसीव्हरवरचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकायला लागला. सेकंदाचे एक कोटी तुकडे केले तर त्यातला एखाददुसरा इकडं-तिकडं, इतका तो ठोका नेमका. मी आबांना हाताला धरून आणलं.

आबांनी वाकून दिव्याकडं बघितलं. मग म्हणाले, "ह्यानं काय हुतं?"

"आता किती वाजलेत ते अगदी बरोबर कळतं."

"ते भिंतीवरच्या घड्याळात बी कळतंय की."

"ते चुकतं, आबा."

"चुकू दे की. कुणाची गाडी चुकाय लागलीया?"

पुढची सगळी वर्षं मी कारखान्यांची मोजमापाची यंत्रं तपासून देण्याची नोकरी केली, तिथल्या साहेबांनी मला इंग्रजीत बरंच काही विचारलं, पण इतकं अवघड कुणी विचारलं नाही.

रिसीव्हरला घरच्यांनी आपापल्या परीनं सामावून घेतलं. रेडकानं एकदा वायर चावून बघितली. कावळा अँटेनावर बसून आम्हां सगळ्यांचं निरीक्षण करायचा. वैरणीची खोली मी निवडली होती ती तिथलं तापमान फारसं बदलत नाही म्हणून. पण आई वैरण काढायला आली, दार उघडलं, वारा आत शिरला की स्फटिकाला गारवा लागायचा आणि उपग्रहाच्या ठोक्यापासून तो किती ढळतो याची मी कागदावर काढत असलेली रेघ हलायची. आई किती वेळा येऊन गेली, दार ओढून घेतलं की तसंच ठेवलं, सगळं त्या रेघेत दिसायचं. मी एकदा तिला तक्रारीच्या सुरात हे दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे दिवसातनं किती खेपा घालते मी, ते आता तरी कुणाला दिसलं म्हणायचं."

दादानं माझ्या छंदाला "सुमीचं खूळ" असं नाव ठेवलं होतं. त्याचं मत बदललं ते तात्यांमुळं. तात्या एका तालीम मंडळाचे अध्यक्ष होते आणि दादाच्या गाडीच्या पेट्रोलपाण्याचं तेच बघायचे. कोडोलीच्या बाजूला ऊस गेलेल्या एका रानात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शर्यत व्हायची, ती भरवण्यात तात्या पुढं असायचे. आदल्या साली तिथं वेळ लावायला तीन माणसं बसवली होती. तिघांच्या हातातल्या स्टॉपवॉचनी तीन वेळा सांगितल्या, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची वेळ धरण्यात आली. त्याच्याआधी सगळ्या गाड्या एकदमच सोडायचे, पण त्या थेट भेळेच्या गाड्यात शिरल्यामुळं ती पद्धत बंद पडली होती. आता एकेक गाडी एकटीच फेरी मारणार आणि घड्याळ निकाल देणार. यंदा पुण्याच्या एका गॅरेजचा माणूस येणार होता. त्यांना आपल्या संघासाठी एक स्वार पाहिजे होता. पहिला येईल त्याला घेऊन जाणार.

दादा त्या महिन्यात जेवताना बोलायचासुद्धा, म्हणजे किती उतावीळ झाला असेल बघा. म्हशींचं शेण काढताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सुमे, तुझा डबा घेऊन ये की जत्रंला. तिथली घड्याळं माणसाचा आवाज बघून बोलत्यात, तसली नकोत. माझी गाडी सगळ्यांच्या पुढं हाय, फकस्त ते बरोबर मोजलं पायजे."

मला तेव्हा वाटलं, हा विज्ञानाचा विजय. विज्ञान आपल्या बाजूनं निकाल देणार याची खात्री असली की माणसाची त्याच्यावर भलतीच श्रद्धा बसते, हे कळायला मला शर्यतीच्या दिवशीच्या दुपारपर्यंत वेळ लागला.

जत्रेच्या रानात सकाळपासून धुरळा, पिपाण्या आणि भडंगाचा वास. मी मांडवावर अँटेना ठेवला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर यंत्रं जोडली. फेरी जिथं सुरू होते आणि संपते त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना वेळू रोवले. एकावर भिंग लावून आडवा पसरवलेला लाल लेझर, दुसऱ्यावर प्रकाश ओळखणारा डोळा. गाडी मधून गेली की किरण तुटणार आणि आकडा उमटणार, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. लाउडस्पीकरवरचा माणूस दर दोन मिनिटांनी सांगत होता की अमेरिकेचं घड्याळ आणलेलं आहे, कृपया वायरवर पाय देऊ नये. आबा धोतराचा सोगा हातात धरून पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते, "माझी पोरगी. टीव्ही दुरुस्त करती."

एकेक गाडी सुटली. दादा आला तेव्हा वळणावर त्याची गाडी जवळपास आडवी झाली होती, तरी त्यानं हँडल सोडलं नाही. रेघ ओलांडली आणि माझ्या यंत्रावर तोवरचा सगळ्यांत कमी आकडा उमटला. मंडळाच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. एक गाडी अजून राहिली होती, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती. ती हुपरीच्या मनोहरची. मनोहर घरी पैंजणांना झाळ द्यायचं, म्हणजे कड्या डाकानं जोडायचं काम करायचा, बोलायचा कमी. तो आला, कसलाही दिखावा न करता फेरी मारली आणि गेला. यंत्रानं दाखवलं: मनोहर पुढं. हजाराव्या भागातले दोन.

तात्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "शेवटचा आकडा न्हाई वाचला तर?"

"तर दोघं बरोबरीत."

"मग वाचू नकोस की. तिसरा आकडा हितं कुणाला दिसतोय? बरोबरी झाली तर पंचांनी ठरवायचं, आनि पंच मी हाय."

तेवढ्यात हुपरीची मंडळी येऊन उभी राहिली. त्यांतल्या एकानं आकडा वाचलाच. "दिसतोय की तिसरा! आमचा पोरगा पुढं हाय. वाच गं ताई, म्होरं माईकवर वाच."

मी कोणाकडंच बघत नव्हते, वेळूकडं बघत होते. दादा आल्यावर गुलाल घेऊन धावलेल्या पोरांनी वेळूला बांधलेली गर्दी अडवायची दोरी ओढली होती आणि डोळ्याचा वेळू वाकला होता. तिथं अजूनही दोन पोरं त्याला टेकून भडंग खात होती. मी जाऊन हातानं तो हलवून बघितला. वीतभर इकडं, वीतभर तिकडं. हजाराव्या भागात त्या वेगाची गाडी बोटभर पुढं सरकते. म्हणजे फरक दोन बोटांचा आणि माझी रेघच वीतभर हललेली. ती दादा रेघ ओलांडतानाच हलली, नंतर हलली, की मनोहर येताना हलली, कुणाला ठाऊक? आकाशातून येणारा ठोका अगदी नेमका होता. तो मोजत होता ती जमिनीवरची काठी मात्र हलत होती.

मी माइकवर जाऊन सांगितलं, "दोघांत पुढं कोण, हे सांगता येत नाही. वेळू हलले आहेत. पुन्हा पळवावं लागेल."

मग दोन्ही बाजूंचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं, की पोरगी बावळट आहे. हुपरीवाले ओरडत होते, आकडा दिसतोय तरी भावासाठी फिरवते. आमचे ओरडत होते, सख्ख्या भावाच्या पाठीत सुरी. लाउडस्पीकरवाला म्हणाला, अमेरिकेचं घड्याळ बिघडलेलं आहे. एवढं मात्र मला फार लागलं. घड्याळ बिघडलेलं नव्हतं.

दादा गुलालानं माखलेला, पोरांच्या खांद्यावरून खाली उतरून माझ्यासमोर आला. "सुमे, बरोबरी म्हण," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, विनवणीचा होता. तसा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. "एक शब्द. पुण्याला जातोय मी. म्हशीतनं सुटतोय. बरोबरी म्हण."

"बरोबरी आहे का ते मला माहीत नाही, दादा."

"मग तुला म्हाईत काय हाय?"

मी म्हणाले, "वेळू हलला होता, एवढंच."

पुण्याचा माणूस लांबून हे बघत होता आणि घड्याळाकडं बघत होता, मनगटावरच्या. मनोहर पुढं आला, हेल्मेट बगलेत. म्हणाला, "पळवू की परत. त्यात काय?" दादा जागचा हलला नाही. तेव्हा पहिल्या रांगेतून आबांचा आवाज आला, सगळ्या रानाला ऐकू जाईल असा: "काय रं संज्या, भ्यालास व्हय?"

वेळू काढून तिथं बैल बांधायच्या लोखंडी खुंट्या ठोकल्या. मी स्वतः लाथ मारून बघितली, हलल्या नाहीत. दादा पहिला सुटला. तो रागात होता, आणि रागात तो नेहमी जसा पळवायचा तशी त्यानं पळवली: सुरुवातीला सगळ्यांपेक्षा वेगात आणि शेवटच्या वळणावर जमिनीवर. उठला, गाडी उचलली, लंगडत रेघ ओलांडली. मनोहरनं आधीसारखीच फेरी मारली. या वेळी आकडा वाचायची गरज नव्हती. पुण्याच्या माणसानं मनोहरच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं जीपकडं चालत गेले.

त्यानंतर कित्येक महिने दादा माझ्याशी बोलला नाही. न बोलण्यातही आमचं घर काटकसरी. तो माझ्यासाठीचे निरोप म्हशींना सांगायचा. "गंगे, कुणाला तरी सांग, दार लावून घ्यायचं." मी पण गंगेलाच उत्तर द्यायची. गंगा दोघांकडं आळीपाळीनं बघून रवंथ करायची. एके दिवशी भाकरी थापताना मी आईला विचारलं, मी बरोबरी म्हणायला पाहिजे होतं का? आई तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "म्हणाली असतीस तर तो पुण्याला गेला असता. तिथं मोठ्या वळणावर पडला असता." मग भाकरी पुन्हा उलटली आणि म्हणाली, "न्हाईतर पडला बी नसता. मला काय ठाव?" माझ्या घरात "ठाऊक नाही" असं सरळ म्हणणारी आणखी एक बाई आहे हे मला तेव्हा समजलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुपारची तीन माणसं दारात आली. डोक्याला फेटे, अंगावर प्रवासाची धूळ. "पावणं, घड्याळवाली ताई हितंच ऱ्हाती काय?" त्यांनी आबांना विचारलं. ती नेसरीची मंडळी. त्यांच्या गावात शर्यत होती आणि वेळ लावायला मला न्यायचं होतं. आबांनी त्यांना ताक दिलं आणि विचारलं, एवढ्या लांब हिचं नाव कुणी सांगितलं? जत्रेत झालेला तमाशा ऐकला नाही का?

"ऐकलाय की," त्यांतला म्हातारा म्हणाला. "तुमच्या पोराला बोलवाय गेलतो तालमीत. तो म्हणला, माझी भन वेळ लावणार असंल तरच गाडी काढतो. दुसऱ्याच्या घड्याळावर पळवत न्हाई."

दादा गोठ्यात होता. त्यानं एकदम गंगेच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं आणि तिची पाठ इतक्या जोरात घासायला लागला की ती बिचारी मागं सरकली.

नेसरीला आम्ही टेम्पोनं गेलो, स्कूटर मागं बांधून. दादानं माझी यंत्रं, बॅटरी, अँटेना, लोखंडी खुंट्या, सगळं स्वतः उचलून ठेवलं, स्वतः उतरवलं, आणि वाटभर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी काउंटरला केलेला जड डबा मांडीवर धरून बसला, खड्ड्यात हादरा बसू नये म्हणून. बोलणं अजून गंगेमार्फतच, आणि गंगा घरी राहिलेली. शर्यतीत मात्र असा पळाला, की दोघांना एकदम सोडलं असतं तर दुसरा आलेला स्वार वळणावर दिसायच्या बेताला असता तेव्हा हा रेघेपलीकडं जाऊन हेल्मेट काढून तोंड धूत असता. मी आकडा वाचला, कोणी कुरकुरलं नाही, फेटा बांधला, जिलबी वाटली.

परतीच्या वाटेवर डबा पुन्हा त्याच्या मांडीवर. उसातून रस्ता चालला होता. मग त्यानं समोर बघतच विचारलं, "किती पुढं हुतो मी?"

"खूप."

"खूप म्हंजे? आकडा सांग की."

"आकडा कशाला? सोप्यातल्या लंबकाच्या घड्याळावर मोजलं असतं तरी जिंकला असतास."

त्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"म्हंजे हे वझं म्या फुकटच वाहून आणलं म्हण की," दादा म्हणाला, आणि पुढचा खड्डा आला तसा त्यानं डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरला.